नकट्याच्या नावानं

निपाणीहून बेळगावला जाणाऱ्या बसमध्ये मांडीवर मेलेला मासा घेऊन बसायचं असेल, तर खिडकीची जागा धरावी. हे शहाणपण मला संकेश्वर ओलांडल्यावर आलं. मासा साडीच्या दुकानाच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि मधल्या जागेत पेप्सीकोल्याच्या सहा कांड्या. सकाळी सहाला स्टँडवर बर्फ कुठला मिळायला? पानपट्टीवाल्याच्या फ्रीजमध्ये गार म्हणून तेवढंच होतं. हत्तरगीपर्यंत कांड्या वितळल्या, एक फुटली आणि नारिंगी पाणी माझ्या ड्रेसवरून सीटवर उतरलं.

"काय हाय गे त्यात?" शेजारच्या मावशींनी विचारलं.

"कॉलेजचं सामान हाय, मावशी."

"कॉलेजात आता कालवण शिकवायल्यात व्हय?"

एरवी मी हसले असते. पण त्या दिवशी माझ्या मांडीवर नकटा होता. म्हणजे असं मला वाटत होतं, आणि त्या वाटण्यापुढे बाकी कशाला किंमत नव्हती.

हे प्रकरण सुरू झालं ते एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी. प्राणिशास्त्र घेतलं होतं आणि प्रबंधाला विषय हवा होता. आमचं गाव चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठी. थोडं खाली गेलं की दूधगंगा कृष्णेला मिळते. सर म्हणाले, "लांब कशाला जातेस? तुझ्या नदीतल्या माशांची यादी कर. बाजारात, बंधाऱ्यावर, जाळ्यात काय काय येतं ते वर्षभर नोंदव आणि जुन्या याद्यांशी ताडून बघ." मला वाटलं, सोपं आहे. मासे खात मोठी झालेली मी. मरळ, वाम, शिंगटी, कटला, रोहू, चिलापी. दहा-बारा नावं तर तोंडपाठच होती.

जुनी यादी हातात आली आणि त्या दहा-बारांची लाज वाटली. पन्नाससाठ नावं, सगळी लॅटिन. त्यातलं एक वाचताना मी अडखळले: स्किस्मॅटोरिंकॉस नुक्ता. पुढं कंसात साइक्स, १८३९. नुक्ता? हे लॅटिन नाही, ग्रीक नाही. मोठ्यानं दोनदा म्हणून बघितलं, तरी ट्यूब पेटली नाही. ती पेटली साइक्सच्या लेखाचं शीर्षक बघितल्यावर. त्यात दख्खन हा शब्द त्यानं असा लिहिलाय की आजच्या सवयीनं वाचला तर 'दुखुन' होतो. म्हणजे या साहेबाचा 'यू' हा आपला 'अ' आहे. मग नुक्ता कसला? नकटा!

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. १८२४ पासून काही वर्षं तो मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. जमीन किती, पिकं कुठली, माणसं किती, हे त्याचं पगारी काम. बिनपगारी काम म्हणजे पक्षी आणि मासे. १८३९ साली दख्खनच्या माशांवरचं त्याचं लिखाण लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीनं छापलं. आणि या गृहस्थानं कितीतरी माशांना नवी नावं शोधलीच नाहीत. नदीकाठच्या माणसांनी जे सांगितलं ते कानाला आलं तसं लिहून टाकलं. कोलस, बोगट, मुल्या, खुद्री, मुसल्ला, पोटेल. त्या काळात इंग्रज गावच्या पाटलालाही 'पोटेल'च लिहायचे. हा पाटील मासा आज धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, हे मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या शेजारच्या पाटीलकाकांनी चहाचा कप खाली ठेवला.

नकट्याची गोष्ट मात्र या सगळ्यांहून रंगतदार आहे. साइक्सनं त्याला सायप्रिनस गोत्रात, म्हणजे जवळच्या जातींच्या त्या गटात, घातलं. त्या काळी कार्पच्या जातीचं दिसेल ते सायप्रिनसमध्ये टाकायचे, जसं आमच्याकडे न सापडणारा कागद ट्रंकेत असतो. पुढं फ्रान्सिस डे यानं भारतातल्या माशांचा मोठा ग्रंथ केला, त्यात हा रोहूच्या लॅबिओ गोत्रात गेला. मग १९४२ साली सुंदरलाल होरांनी त्याचं नाक नीट बघितलं. नकट्याच्या थुतरीवर आडवी खोल खाच असते. त्यामुळे तोंडाच्या वर एक वेगळाच उंचवटा शिंगासारखा पुढं येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मधलं नाक कुणीतरी कापून नेलंय. असं फाटकं नाक असलेला एक मासा ब्लेकर नावाच्या डच लष्करी डॉक्टरला सुमात्रात मिळाला होता आणि १८५५ मध्ये त्यानं त्याच्यासाठी नवं गोत्र केलं होतं. ग्रीकमध्ये स्किस्मा म्हणजे चीर, रिंकॉस म्हणजे थुतरी. होरांनी आपल्या नकट्याला त्या गोत्रात नेलं, आणि त्यातही त्याचं पोटगोत्र वेगळं काढून त्याला नाव दिलं नुक्ता. म्हणजे पूर्ण नाव घ्यायचं तर फाटक्या थुतरीचा, नकट्या पोटगोत्रातला, नकटा. तीनदा सांगितलं तरी कुणाचं समाधान होईना.

त्याचे जवळचे भाऊबंद सुमात्रा-बोर्निओत आणि हा इकडे कृष्णेच्या खोऱ्यात. मधे अख्खा समुद्र. होरांनी यावरून एक मोठा सिद्धांत मांडला होता, की मलायाकडचे मासे कोणे एके काळी सातपुड्याच्या डोंगररांगेनं ओढ्याओढ्यांतून सह्याद्रीपर्यंत आले. त्यावर पुढं पुष्कळ वाद झाले. मला मात्र त्यात एकच चित्र दिसायचं: हा वीतभर मासा पिढ्यान्‌पिढ्या चढण चढत निघालाय आणि शेवटी कृष्णेकाठच्या यडूरच्या खडकात येऊन टेकलाय.

आणि तो कंस. साइक्सचं नाव कंसात का, हे मी सरांना विचारलं. प्राण्यांच्या नावांचा नियमच आहे: ज्यानं पहिल्यांदा नाव दिलं त्याचं नाव आणि साल पुढं लिहायचं, पण त्यानं ज्या गोत्रात घातलं होतं त्यातून जीव नंतर दुसरीकडे हलवला असेल, तर ते कंसात लिहायचं. कंस दिसला की समजायचं, याचा पत्ता बदललाय. जीव तोच.

मला आजी आठवली. ती जन्मली तेव्हा आमचं गाव मुंबई प्रांतात होतं. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ ला जिल्ह्याचं नाव बेळगावचं बेळगावी झालं. आजीची चूल जिथं होती तिथंच राहिली. तिच्या नावापुढं कुणी कंस घातला नाही एवढंच.

यादी करायची तर पत्रं लागतात. एका कार्यालयात मी नदीवर नमुने घेण्याच्या परवानगीचा अर्ज घेऊन गेले. अर्ज कन्नडमध्ये भरायचा होता. लिपी मला येते, पण हात सावकाश चालतो. टेबलापलीकडच्या साहेबांनी माशांच्या यादीवर बोट ठेवून विचारलं, "मीनिन हेसरु एनु?" नकट्याचं कन्नड नाव काय, हे मला सांगता येईना. शेवटी मी स्वतःच्या नाकावरून आडवा हात फिरवून म्हटलं, "मूगु इल्ल." साहेब आधी दचकले, मग एवढे हसले की पलीकडचे दोघे उठून बघायला आले. पत्र मात्र तीन फेऱ्यांनंतर मिळालं, आणि त्यात माझं आडनाव चुकलेलं होतं.

आता मामांबद्दल. रक्ताचं नातं नाही. आईच्या माहेरच्या गावचे भोई, म्हणून मामा. आमच्या खालच्या बंधाऱ्यावर ते जाळं टाकतात. होडी नाही. ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधलेली, आणि पूर्वी महापुरात लोक गुळाच्या काहिलीतून नदी पार करायचे त्या काहिलींच्या गोष्टी. वर्षभर मी दर पंधरवड्याला त्यांच्याकडे जायचे. ते जाळं झाडायचे आणि मी वहीत लिहायचे. चिलापी, चिलापी, कटला, चिलापी, मांगूर. (शेजारच्या निपाणी तालुक्यात मांगूर नावाचं गाव आहे. वहीत 'मांगूर, ३' असं वाचून आईनं विचारलं होतं, तिकडं तीनदा कशाला गेलीस?)

पहिल्याच भेटीत मी विचारलं होतं, "मामा, नकटा म्हणून मासा असतोय काय?"

मामा जाळ्याची गाठ सोडवत होते. तंगुसाची जाळी, एकदा गुंतली की सुटत नाही. मान वर न करताच म्हणाले, "असतोय न्हवं, हुता. आमचा बा सांगायचा."

"तुम्ही बघितलाय?"

"बारकं असताना. पानी पळत हुतं तवा."

पाणी पळत होतं तेव्हा, हे त्यांचं कालमापन आहे. आता पाणी पळत नाही. दर काही मैलांवर कोल्हापुरी बंधारा. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालतात, पाणी तुंबतं, दोन्ही काठांचा ऊस पितो. जूनच्या तोंडाला बरगे काढतात. मधले सात-आठ महिने नदी म्हणजे एकाखाली एक तळी. नकट्यासारखे मासे खडकाळ तळाचे, वाहत्या पाण्याचे. दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. पाणी थांबलं की दगडावर गाळ बसतो. वर काळम्मावाडीला धरण, खाली कृष्णेवर अलमट्टी. वाळू उपशानं तळ खरवडलेला. आणि उन्हाळ्यात एखाद्या रात्री कुठून तरी मळी सुटते. सकाळी नदी काळी, आणि पांढरी पोटं वर करून मासे काठाला. मामा त्या दिवशी जाळं टाकत नाहीत. "मेलेलं इकायचं न्हाई," म्हणतात. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या जीवांचा जो मोठा आढावा २०११ साली आला, त्यात नकट्यापुढं संकटग्रस्त असा शिक्का पडलाय. मी ते मामांना सांगितलं. ते म्हणाले, "शिक्का मारायला घावला तरी कुटं त्यास्नी?"

तर जूनमध्ये, वळवाचे दोन मोठे पाऊस होऊन गेल्यावर, बरगे निघाल्यावर, चढणीचे मासे सुरू झाले. नवं पाणी आलं की मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, ओढ्यांत शिरतात. सगळं गाव मच्छरदाण्या, टोपल्या घेऊन ओढ्यात. पहाटे साडेचारला फोन वाजला.

"पोरी, नाक नसलेला घावलाय. येतीस काय इकू?"

मी स्कूटी कशी काढली मला आठवत नाही. बॅटरीच्या उजेडात बघितलं: तांबूस खवले, चांगला दीड किलोचा, आणि तोंड पुढून चेपलेलं. नाक नाहीच. वरचा जबडा आत, कपाळ सरळ खाली उतरलेलं. मी मामांना पैसे द्यायला लागले तर घेईनात. "नाव लिव माझं फुस्तकात," म्हणाले. आणि मग निपाणी स्टँड, पेप्सीकोला, हत्तरगी.

बेळगावात शहापूरला माझी खोली होती. घरमालकीणबाई जैन, अतिशय मायाळू, आणि घरात मासा-अंडं आणायचं नाही हा एकच करार. त्यामुळे थेट प्रयोगशाळा गाठली. सर परगावी होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. शिपाईमामांनी दार उघडलं, वास घेतला आणि सगळ्या खिडक्या उघडून निघून गेले.

माशाची ओळख पटवण्याचं काम रोमांचक वाटतं त्यांनी ते एकदा करून बघावं. आधी फोटो. माशाचं तोंड डावीकडे, डावी कूस वर. जगभर हाच रिवाज. थर्माकोलवर ठेवून पर टाचण्यांनी पसरून धरायचे, शेजारी मोजपट्टी. मग उजव्या बाजूच्या पराचा चिमूटभर तुकडा कापून शुद्ध अल्कोहोलमध्ये. हे फॉर्मलिनच्या आधी करायचं, कारण फॉर्मलिननं डीएनए खराब होतो. पुढं गरज पडली तर त्यातल्या एका जनुकाचे साडेसहाशेच्या आसपास दुवे वाचून जात ताडता येते; दुकानातल्या मालावर बारकोड असतो तसं म्हणून त्याला बारकोडिंगच म्हणतात. मग पोटाला चीर, तीही उजव्या कुशीला, डावी कूस फोटोसाठी आणि पुढच्या अभ्यासकासाठी अखंड राहावी म्हणून. मग दहा टक्के फॉर्मलिन: बाटलीतलं एक माप, पाणी नऊ मापं. डोळ्यांतून धारा. काही दिवसांनी धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये कायमचा मुक्काम. लेबल पेन्सिलीनं लिहायचं, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

पण या सगळ्याच्या मधे मोजणी आहे, आणि सरांचा नियम आहे: आधी मोज, मग नाव घे.

मी आधी नाव घेतलं होतं. फॉर्मलिन करायच्याही आधी मी पेन्सिलीनं लेबल लिहून ठेवलं होतं. मराठीत. नकटा.

माशाच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, पार्श्वरेषा. त्या रेघेवरच्या प्रत्येक खवल्याला बारीक भोक असतं. सुईच्या टोकानं एकेक खवला उचलत मोजायचं. पहिल्यांदा ४४ आले, दुसऱ्यांदा ४६, तिसऱ्यांदा ४५. मग पाठीवरचा पर. त्यातले पुढचे काटे साधे, मागचे टोकाला फांद्या फुटलेले. फांद्यांचे वेगळे मोजायचे, शेवटचा बुंध्यात दुभंगलेला असेल तर एकच धरायचा. सतरा आले.

नकट्याच्या पाठीवर फांद्यांचे काटे याच्या जेमतेम निम्मे असायला हवेत.

मी पुन्हा मोजले. सतरा. मी भिंग पुसलं, दिवा जवळ ओढला, पुन्हा मोजले. सतरा. मग मी काय केलं ते सांगायला आज लाज वाटते. मी वहीत तो आकडा लिहिलाच नाही. तिथं रेघ मारली आणि म्हटलं, पर फाटलेला असेल, जुन्या पुस्तकात चूक असेल, ही कदाचित नवीच जात असेल. रात्री खोलीवर झोपताना मी नव्या जातीला मामांचं नाव देऊनसुद्धा मोकळी झाले होते.

सकाळी सरांनी ट्रेवरचा रुमाल उचलला. माशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग चिमट्यानं ओठ उलगडला.

"हे काय आहे?"

ओठाला झालर होती. बारीक, नीट कातरल्यासारखी.

"तांबडा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. लॅबिओ फिम्ब्रिएटस, त्या नावाचा अर्थच झालरवाला. पाठीवर भरपूर काटे, रेघेवर चव्वेचाळीस-सत्तेचाळीस खवले. लहानपणापासून खाल्लेला मासा.

"आणि नाक?"

सरांनी कवटीवर बोट फिरवायला लावलं. खाच नव्हती. नकट्याच्या नाकावर खाच असते, इथं हाडंच आखूड होती. वरचा जबडा वाढलाच नव्हता. पग जातीच्या कुत्र्याचं तोंड असतं तसं, म्हणून त्याला पगहेड म्हणतात. पिल्लू अगदी लहान असताना होणारं हाडांचं व्यंग. कुठल्याही जातीच्या माशात होऊ शकतं. "हा नकटा झालाय," सर म्हणाले. "जातीचा नकटा नाही."

मी रडले नाही, पण चहा घेतला नाही. सरांनीच मग बसवून मुसल्लाची गोष्ट सांगितली. साइक्सच्याच यादीतलं हे नाव. पुढं कुणीतरी ते कावेरीतल्या उंच पाठीच्या प्रचंड महसीर माशाला लावलं आणि ते वर्षानुवर्षं चिकटून राहिलं. साइक्सचा मासा वेगळ्याच गोत्रातला निघाला. मग कावेरीतल्या त्या महसीरला नाव कुठलं? धड नाव नसलेला मासा लाल यादीत कसा घालणार? त्याच काळात कावेरीत दुसऱ्या महसीरची, आपल्या खुद्रीची, पिल्लं सोडली जात होती आणि मूळचा कमी होत होता. २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तो टॉर रेमादेवी, आणि मगच तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. "तू काल नकटा लिहून छापलं असतंस," सर म्हणाले, "तर पुढचा माणूस म्हणाला असता, दूधगंगेत नकटा आहे की. मग काळजी कशाला?"

मी लेबल फाडलं. वहीतल्या रेघेच्या जागी सतरा लिहिले. तांबडा बाटलीत गेला, व्यंगासह, नीट नोंद होऊन. माझ्या यादीत नकट्यापुढं वर्षअखेर दोनच शब्द होते: आढळला नाही. त्या शब्दांना प्रबंधात एक ओळ मिळते. चिलापीला चार पानं मिळाली.

त्याच सुमारास एक बातमी वाचून मी जळफळले होते, तेही सांगून टाकते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी बोटाएवढा एक मासा सापडला, २०२० साली त्याचं शिस्टुरा हिरण्यकेशी असं बारसं झालं आणि २०२१ ला महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. तीच हिरण्यकेशी पुढं आमच्या संकेश्वरावरून जाते आणि घटप्रभेला मिळते. उगमाला वारसा, आणि खाली आल्यावर निव्वळ पाणी. असो. त्या माशाचं भाग्य फळलं, चांगलंच झालं.

खरा नकटा मला पुण्यात भेटला. मावसबहिणीचा साखरपुडा होता. दुसऱ्या दिवशी सरांची चिठ्ठी घेऊन एका संग्रहात गेले. तिथल्या बाईंनी कपाटातून बरणी काढून टेबलावर ठेवली. वर्षानुवर्षं अल्कोहोलमध्ये राहून मासा उकडलेल्या चिंचेच्या रंगाचा झालेला. पण नाक! खाच इतकी खोल की नखाचं टोक बसेल, आणि वरचा भाग पुढं आलेला, हट्टी पोरानं ओठ काढावा तसा. व्यंग नव्हतंच ते. दोन्ही बाजूंनी सारखं, नेटकं, मुद्दाम घडवल्यासारखं. मी न विचारताच पाठीवरचे काटे मोजायला लागले. बाई हसल्या. म्हणाल्या, "मोजा, मोजा. सगळे मोजतात."

फोटो काढायची परवानगी मिळाली. गावी आल्यावर बंधाऱ्यावर गेले. बरगे पुन्हा पडलेले, पाणी तुंबलेलं, वर जलपर्णी. मामांनी मोबाइल हातात घेतला, उन्हाकडे पाठ केली, लांब धरला, जवळ धरला.

"ह्योच," म्हणाले. "आमच्या बानं यडूरच्या खडकात दावला हुता. अगदी ह्योच." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. फोटोखालची अक्षरं त्यांना दिसत होती. "काय लिवलंय खाली?"

"नाव. नुक्ता."

"नुक्ता न्हवं गे, नकटा. चुकीचं लिवलंय. दुरुस्त करून घे."

मी समजावलं, की नियमानुसार ते दुरुस्त होत नाही. पहिल्यांदा छापलं तेच स्पेलिंग कायम. साहेबानं कानाला आलं तसं लिहिलं, वाचणाऱ्यांनी वेगळं वाचलं, तरी अक्षर बदलायचं नाही.

मामांनी मोबाइल परत दिला. त्यांच्या आधार कार्डावर भोई या आडनावाचं भोवी झालंय. दोनदा खेटे घातले, बदललं नाही. ते आठवलं असावं, कारण ते स्वतःशीच हसले.

"आनि आपला त्यो तांबडा कुटं हाय?"

"बाटलीत. कॉलेजात."

"सगळा?"

"सगळा."

"दीड किलो हुता गे," मामा म्हणाले आणि ट्यूब पाण्यात ढकलली.